धाकट्याची सिलियाकची जेनेटिक टेस्ट करावी का?

जुईची_आई
मोठीला (वय ९) सिलियाक निघालाय, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. वजन वाढत नव्हतं, आयर्नचं सिरप वर्षभर देऊनही हिमोग्लोबिन वर येईना, शेवटी टीटीजी (सिलियाकची रक्ततपासणी) खूप वाढलेलं आलं आणि दुर्बिणीतून बायोप्सी केली. आता धाकटा ४ वर्षांचा आहे, त्याला तक्रार काहीच नाही, पण डॉक्टर म्हणाले भावंडांची तपासणी करा आणि लॅबवाल्याने एचएलए डीक्यू२ डीक्यू८ (सिलियाकशी संबंधित जीन) ची टेस्टही सुचवली. ती बरीच महाग आहे आणि सासूबाई म्हणतात चांगल्या धडधाकट पोराला कशाला सुया टोचायच्या. पॉझिटिव्ह आली तर त्यालाही सिलियाक आहे असं धरायचं का? आणि आता घरात गहूच आणत नाही, सगळे ज्वारी-तांदळाचंच खातो, त्याने रिपोर्ट चुकेल का?

निशिगंध
ताई, पहिले धाकट्याची पोळी परत सुरू करा. टीटीजीमध्ये ज्या अँटीबॉडी बघतात त्या गहू पोटात जात असेल तरच तयार होतात, बंद केला की हळूहळू उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. जीनचं तसं नाही, ते जन्मापासून तेच राहतात, पोळी खा नाहीतर भाकरी.
पॉझिटिव्ह म्हणजे सिलियाक नाही, अजिबात नाही. हे जीन १०० पैकी ३०-४० लोकांत असतात आणि त्यातले बहुतेक जण जन्मभर पोळ्या खाऊन ठणठणीत असतात. टेस्टचा खरा उपयोग निगेटिव्ह आली तर, कारण डीक्यू२ आणि डीक्यू८ दोन्ही नसतील तर सिलियाक जवळपास होतच नाही.

पाटणकर_काका
माझ्या नातवंडांचं हेच झालं. एकाला आजार, म्हणून बाकी दोघांची जीन टेस्ट केली. नात निगेटिव्ह, तिचा विषय तिथेच संपला, परत रक्त काढावं लागलं नाही. दुसरा नातू पॉझिटिव्ह, पण टीटीजी नॉर्मल, तो गहू खातो आणि दोन-तीन वर्षांनी त्याचं टीटीजी परत बघायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय. सख्ख्या भावंडांत साधारण १० पैकी एकाला निघतो, तेव्हा सूनबाई, तपासणी टाळू नका, सासूबाईंना सांगा की मोठीलासुद्धा पोटाची तक्रार नव्हतीच ना, रक्तच कमी होतं.

जुईची_आई
काका, हे पटलं. पण दोन्ही टेस्ट एकदम नाही परवडणार, आधी कुठली?

निशिगंध
आधी टीटीजी आयजीए आणि सोबत टोटल आयजीए (आयजीए म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचा एक प्रकार, टीटीजी टेस्टमध्ये तोच बघतात), हे दुसरं विसरू नका, कारण काही मुलांमध्ये आयजीएच कमी असतं आणि मग टीटीजी उगाच नॉर्मल दिसतं. गहू किती दिवस बंद होता ते डॉक्टरांना सांगा, परत किती आठवडे खायला घालून रक्त द्यायचं ते तेच ठरवतील. टीटीजी नॉर्मल आलं तर जीन टेस्ट सवडीने करा, एकदाच करायची असते. आणि तुमची दोघांची टीटीजी पण करा, आईबाप स्वतःला नेहमी मागे ठेवतात.

भाकरतुकडा
टेस्टबद्दल वर सगळं आलंच आहे, मी मोठीबद्दल सांगते. ज्वारी गिरणीत देता का? तिथे आधी गहू दळलेला असतो आणि तेच पीठ आपल्या डब्यात उतरतं, आमच्याकडे मुलाचं टीटीजी त्यामुळे खाली येत नव्हतं. घरगुती चक्की घेतली तेव्हा उतरलं. हिंगाच्या डबीवर मागे वाचा, बऱ्याच हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, तांदळाच्या पिठातला वेगळा मिळतो. धाकट्याची पोळी सुरू केली की त्याचं पोळपाट-लाटणं, तवा आणि कणकेची परात वेगळी ठेवा, मोठीची भाकरी आधी करून झाकून ठेवायची आणि मग कणीक मळायची.