नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कमी करा, असा अर्ज द्यावा का?

गार्गी:
आमच्याकडे पहाटे साडेपाचला पाणी येतं. पहिल्या बादलीला ब्लीचिंगचा इतका वास, की सासूबाई त्या पाण्याचा चहाच घेत नाहीत. नणंद ॲमस्टरडॅमला असते. ती म्हणते, तिकडे पाण्यात क्लोरीन घालतच नाहीत. सोसायटीतले लोक महापालिकेला ‘डोस कमी करा’ असा अर्ज देणार आहेत. सही करू का?

मीनल, आम्स्टेलवेन (ॲमस्टरडॅमजवळ):
नणंदेचं खरं आहे. आम्ही सहा वर्षं थेट नळाचंच पाणी पितो, वास अजिबात नाही. पण एक सांगते, इथे आमच्या इमारतीवर टाकी नाही. चोवीस तास दाबाने पाणी असतं. भरून ठेवायची सवय माझीसुद्धा आता मोडली.

जोशीकाका (निवृत्त केमिस्ट):
गार्गीताई, सही करू नका. निदान त्या मजकुरावर तरी नको. मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

क्लोरीन कमी व्हावं, हे मलाही मनापासून वाटतं. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं, की पाण्यातल्या कुजलेल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्मसारखी अपायकारक द्रव्यं तयार होतात. त्यानंतर डच लोक कामाला लागले. ॲमस्टरडॅमने १९८३ मध्ये क्लोरीन थांबवलं. पण कशाच्या जोरावर? ऱ्हाईन नदीचं पाणी आधी गाळून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवतात, तिथे ते दोन-तीन महिने राहतं. मग ओझोन, सक्रिय कोळसा, शेवटी संथ वाळूगाळणी. जंतूंना खायलाच काही उरत नाही. वर मीनलताईंनी लिहिलेला दाब, आणि गळती अगदी नगण्य.

आपल्याकडे पाणी तासभर येतं आणि बाकी तेवीस तास पाइप रिकामा. शेजारून गटार गेलेलं असतं. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली, की जोडातल्या फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. तिथे राखण करायला तेवढं उरलेलं क्लोरीनच असतं. भारतीय मानकात ते नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. मी पहाटे सायकलवरून शेवटच्या टोकाच्या वस्तीत ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते तपासायला जायचो. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, आणि दहा सेकंदांच्या आत पिवळी झाक येते का ते बघायचं. टाकीजवळच्या घरात हळदीसारखा पिवळा रंग, टोकाच्या घरात नळी कोरी. त्या कोऱ्या नळीमागच्या घरात लहान मूल दिसलं, की माझा जीव खालीवर व्हायचा. केंद्रावरचा डोस सरसकट कमी केला, तर अशी कोरी घरं वाढतील.

न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थमध्ये विहिरींचं पाणी क्लोरीनशिवाय देत होते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला, मेंढ्यांच्या लेंड्यांतला कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू पाण्यात उतरला आणि अंदाजे साडेपाच हजार लोक आजारी पडले. २०२५ मध्ये पुण्यात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत हाच जंतू मिळाला होता.

मग अर्जात काय मागायचं? सगळा डोस केंद्रावरच न देता वाटेतल्या टाक्यांवर थोडा थोडा द्या, म्हणजे टाकीजवळच्यांना वास नाही आणि टोकालाही रंग येतो. कच्च्या पाण्यातच क्लोरीन सोडत असाल, तर आधी तुरटीने गाळ नीट बसवा. आणि गळके जोड बदला. हे शेवटचं सगळ्यात खर्चाचं आणि सगळ्यात गरजेचं.

सासूबाईंसाठी: पाणी स्वच्छ भांड्यात फडक्याने झाकून काही तास ठेवा, किंवा उकळा. वास बराच उतरतो. आणि तुमच्या गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची ओटी घेऊन बघा.

गार्गी:
काका, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून ओटीची बाटली आणली. पहाटेच्या बादलीला गर्द पिवळा रंग आला. गच्चीवरच्या टाकीला काहीच नाही, पाच मिनिटं थांबले तरी नाही. झाकणाला भेग आहे आणि आत कबुतराची पिसं सापडली. आम्ही वर्षानुवर्षं तेच पाणी फिल्टरला लावत होतो. रविवारी टाकी धुवायला माणूस येतोय. अर्जाचा मजकूर पुन्हा लिहायला घेतलाय, तुमच्या तीन मागण्या घातल्यात. पाठवायच्या आधी इथे टाकते, नजर घालाल?

जोशीकाका:
जरूर टाका. आणि टाकी धुतल्यावर परत ओटी घ्या, झाकण बसवायच्या आधी नको, दुसऱ्या दिवशी घ्या.