मदत हवी आहे : पायमशीनवर शिवताना कापडाखाली दोऱ्याचे जाळे होते

नमस्कार.

माझ्या आईचे शिलाई मशीन गेल्या महिन्यात चिपळूणजवळच्या घरातून पुण्याला आणले आहे. काळ्या रंगाचे, लोखंडी स्टँडचे, पायडलवर चालणारे हे मशीन सुमारे आठ वर्षे पडवीत झाकून ठेवलेले होते. आईने त्यावर आम्हां तिघा भावंडांचे शाळेचे कपडे शिवले, आणि तिच्या सुती साड्यांची गोधडी मला त्याच मशीनवर शिवायची आहे. त्यामुळे नवे मशीन घ्या असा सल्ला कृपया कोणी देऊ नये, ही सुरुवातीलाच विनंती करते.

अडचण अशी आहे. टीप वरून पाहिली तर बरी दिसते, पण कापड उलटे केले की खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे झालेले असते. वीतभर टीप होते न होते तोच चाक जड होते, सुई कापडात अडकते आणि शेवटी कापड सोडवण्यासाठी खालून कात्री घालावी लागते. हे सगळे खाली घडते म्हणून मी बिघाडही खालीच शोधत राहिले. बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, म्हणजे बॉबिन, जिच्यात बसते ती डबी) काढून पुसली, बॉबिन नव्याने भरली, केसवरचा बारीक स्क्रू जवळजवळ एक पूर्ण फेरा आवळला आणि १४ नंबरची नवी सुई घातली. तरीही काही फरक पडला नाही.

त्यानंतर वर पांढरा आणि बॉबिनमध्ये लाल दोरा घालून जुन्या उशीच्या अभ्र्याच्या दुहेरी तुकड्यावर टीप मारून पाहिली. वरच्या बाजूला लाल दोऱ्याचा ठिपकासुद्धा दिसत नाही. खालच्या बाजूला मात्र लाल दोरा सुतळीसारखा सरळ पडून राहतो आणि त्याच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे सैल फास एकापुढे एक उभे असतात. लाल दोऱ्याचे टोक धरून ओढले तर तो सगळाच्या सगळा निसटून हातात येतो, म्हणजे खऱ्या अर्थाने टीप बसतच नाही.

दुसरी गोष्ट याच्याशी संबंधित आहे की नाही हे मला कळत नाही, पण सांगून ठेवते. मशीन सकाळी फार जड चालते आणि दुपारी गॅलरीत ऊन आले की थोडे हलके होते. आई मशीनला घरचे खोबरेल घालत असे. डोके मागे कलते करून खाली पाहिले, तर सांध्यांवर तपकिरी, चिकट थर बसलेला आहे.

जवळच्या एका दुरुस्ती करणाऱ्या काकांनी मशीन पाहिले. त्यांच्या मते शटल (सुईखाली फिरणारा टोकदार भाग) आणि बॉबिन केस दोन्ही बदलून वर मोटर बसवावी. मला त्यांच्या हेतूविषयी शंका नाही, परंतु शटल हातात घेऊन पाहिले तेव्हा त्याचे टोक मला मोडलेले किंवा बोथट वाटले नाही. सुटे भाग बदलण्याआधी खरे कारण समजून घ्यावे असे वाटते. खालच्या बाजूला असे फास कशामुळे राहतात, आणि हे काम घरी स्वतः करण्याजोगे आहे का?

प्रतिसाद १

ताई, बॉबिन केसचा स्क्रू आता आणखी आवळू नका. आधी एक साधी चाचणी करून पाहा. वरचा दोरा नेहमीप्रमाणे सुईपर्यंत ओवा, दाबपट्टीचा (कापड दाबून धरणारा) पाय खाली सोडा आणि सुईतून आलेला दोरा हाताने ओढा. दोरा इतका अडून यायला हवा की सुई किंचित वाकेल. मग पाय वर उचलून पुन्हा ओढा, आता तो अलगद यायला हवा. दोन्ही वेळा काय होते ते इथे कळवा.

धागाकर्ती

आपण सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. पाय खाली असो वा वर, दोरा सारखाच सुळसुळीत येतो. टेन्शनचा, म्हणजे वरच्या दोऱ्याच्या ताणाचा, नट शेवटपर्यंत आवळला तरी तसाच.

प्रतिसाद २

मग आपला बिघाड वर आहे. माझी आई शिवणवर्ग चालवत असे आणि नव्या मुलींची सर्वांत जास्त दिशाभूल याच तक्रारीने होत असे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुई कापडातून खाली जाते आणि वर येताना तिच्या नेढ्याजवळ दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलचे टोक तो फास पकडते आणि बॉबिन केसवरून फिरवते. त्यामुळे खालचा दोरा फासात सापडतो. आता हा मोठा झालेला फास परत वर खेचून घेण्याचे काम मशीनच्या पुढच्या बाजूला वर-खाली होणारी दांडी करते. दांडी वर जाताना तिला दोरा दोन ठिकाणांहून मिळू शकतो, एक म्हणजे खालचा फास आणि दुसरे म्हणजे वरचे रीळ. टेन्शनच्या चकत्यांनी (वरचा दोरा ज्यांच्या मधून जातो त्या) रिळाकडची बाजू घट्ट धरलेली असेल तरच दांडी फास ओढते. चकत्या ढिल्या असतील तर तिला रिळातून नवा दोरा फुकट मिळतो आणि फास खाली तसाच लोंबत राहतो. प्रत्येक टाक्याला असा एक फास साठत गेला की त्याचे जाळे होते आणि तेच शटलमध्ये अडकते. तुमचा लाल दोरा सरळ पडून राहतो याचेही कारण हेच आहे. खरे तर खालचा स्क्रू आवळून तुम्ही त्याला आणखी ताठ केलेत.

आता चकत्या का धरत नाहीत, हे पाहायचे. या मशीनमध्ये दाबपट्टीचा पाय वर उचलला की आतून एक बारीक पिन पुढे सरकते आणि चकत्या सैल करते, म्हणजे शिवून झालेले कापड सहज बाहेर काढता येते. पाय खाली आला की पिनने मागे जायला हवे. खोबरेलाच्या चिकट्यात ती पिन पुढेच अडकून बसली असावी, असा माझा अंदाज आहे. चकत्यांमध्ये जुना दोरा किंवा तुसांचा थर अडकला असेल तरीही असेच होते, तेव्हा दोन्ही तपासा.

खोलताना पांढरा कपडा अंथरून त्यावर प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने ओळीने ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा. नट, गोल स्प्रिंग, मग त्यामागची चकती आणि शेवटी टेन्शनच्या दोन चकत्या निघतील. परत बसवताना या दोन चकत्यांच्या फुगीर बाजू एकमेकींकडे यायला हव्यात. बाजूच्या बारीक तारेच्या स्प्रिंगला मात्र जपा, कारण ती वाकली तर टाका पुन्हा बिघडतो.

खोबरेलाविषयी. साधारण २४ अंशांच्या खाली खोबरेल थिजते, आणि पुण्यातल्या थंडीच्या सकाळी मशीन जड होऊन दुपारच्या उन्हात हलके होते याचा उलगडा त्यातच आहे. शिवाय कोणतेही खाद्यतेल वर्षानुवर्षे हवेत राहिले की त्याचा चीक होतो. तो काढण्यासाठी जिथे तेल घालायची भोके आहेत आणि जिथे धातूवर धातू फिरतो, अशा प्रत्येक ठिकाणी रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडून मशीन दोरा न घालता आणि पाय वर उचलून दहा-पंधरा मिनिटे चालवा. काळे पाणी गळेल ते पुसा आणि पुन्हा करा. हे काम गॅसपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून करावे. रॉकेल मिळाले नाही तर शिलाई मशीनचे पातळ तेलच सढळ हाताने घालून तीन-चार दिवस चालवत राहा, वेळ लागेल पण चीक सुटेल. रॉकेल वापरल्यास त्यानंतर मशीनचे तेल घालायला विसरू नका, कारण रॉकेल वंगण धुऊन नेते आणि कोरडा धातू एकमेकांवर घासतो. सोनेरी नक्षीवर रॉकेल अजिबात लावू नका, ती निघून जाईल.

धागाकर्ती

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. दोन दिवस घेऊन सगळे केले आणि जे दिसले ते इथे लिहिते, म्हणजे पुढे कोणाला हीच अडचण आली तर उपयोग होईल.

चकत्यांच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा खाकी दोऱ्याचा तुकडा तुसांसकट चिकटून बसलेला होता. तो निघाल्यावर वाटले, झाले काम. पण पाय खाली सोडला तरी पिन मागे जाईना. तिच्या भोकात मशीनचे तेल सोडून रात्रभर ठेवले आणि सकाळी केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब काही मिनिटे दिली. त्यानंतर पाय वर-खाली करत राहिले तेव्हा आधी ती केसभर हलली आणि मग एकदम सुटली. आता पाय खाली असताना दोरा ओढला की सुई वाकते.

बॉबिन केसचा स्क्रू मी आवळलेला होता तो सैल केला. किती सैल करावा हे कळेना, तेव्हा एका शेजारच्या काकूंनी दाखवलेली पद्धत वापरली. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याच्या टोकाला केस हवेत लोंबती धरायची. ती आपल्या वजनाने खाली घसरू नये, पण हाताला हलका झटका दिला की दोन-तीन बोटे खाली यावी. त्यानंतर वरचा नट थोडा-थोडा फिरवत, प्रत्येक वेळी त्याच अभ्र्याच्या तुकड्यावर टीप मारून पाहिली. सातव्या टिपेला दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या आत गेली आणि वर फक्त पांढरा, खाली फक्त लाल दिसू लागला. तो तुकडा मी जपून ठेवला आहे.

शटल बदलावे लागले नाही. आता गोधडीविषयी विचारते. मध्ये तीन साड्यांच्या घड्या आणि वर-खाली एकेक अखंड साडी असे थर आहेत. १४ नंबरची सुई एवढ्या जाडीला चालेल का? आणि शिवताना वरचा थर पुढे सरकून सुरकुत्या पडतात, त्यावर काय उपाय करावा?

प्रतिसाद ३

एवढ्या थरांना १६ नंबरची सुई घ्यावी, आणि कडेला जिथे साड्यांचे काठ एकावर एक येतात तिथे १८ नंबर. सुई बसवताना तिच्या अंगावरची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवतो त्या बाजूला यावी आणि वरची सपाट बाजू त्याच्या विरुद्ध, शटलकडे. सुई दांड्यात पूर्ण वर टेकवून मगच स्क्रू आवळावा. सुई उलटी किंवा अर्धवट बसली तर शटलला फास सापडत नाही आणि टाके सुटतात. नव्याने शिवणाऱ्यांचा आणखी एका ठिकाणी घोटाळा होतो, म्हणून सांगते. सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते, पण सुती दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. गोधडीला ४० नंबरचा सुती दोरा चांगला.

टाका मोठा ठेवा, इंचाला सात-आठ टाके पुरेत. बारीक टाक्याने जुने सूत कापले जाते, आणि आईच्या साड्या वापरून विरळ झालेल्या असणार. दाबपट्टीच्या डोक्यावरचा दाब कमी-जास्त करण्याचा स्क्रू थोडा सैल करा, म्हणजे कापड पुढे सरकवणारे खालचे दाते आणि वरचा पाय यांच्यात थर चेपून पुढे सरकणार नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मशीनवर घेण्याआधी सगळी गोधडी जमिनीवर पसरून, मधून कडेकडे जात, वीत-वीत अंतरावर हाताने धावदोरा घाला. पहिली टीप मधोमध मारा आणि मग दोन्ही बाजूंना जा. सुरुवातीला दोन्ही दोरे मागे ओढून पहिले तीन-चार टाके होईपर्यंत धरून ठेवा, आणि चाक नेहमी आपल्याकडेच फिरले पाहिजे. पायडलची सवय नसली की चाक उलटे जाते आणि दोरा गुंततो.

मोटर आत्ताच बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाड थरांवर काठाशी आले की एकेक टाका हाताने चाक फिरवून घ्यावा लागतो, आणि तो ताबा पायडलवर राहतो.

धागाकर्ती

काल धावदोरा घालून झाला आणि आज मधली टीप मारली. पाच थर, एकही सुरकुती नाही, खालची बाजू वरच्यासारखीच. साडीच्या जरीकाठाशी चाक हातानेच फिरवले.

एकच गोष्ट उरली आहे. जाड भागावर चामड्याची वादी मोठ्या चाकावर घसरते. वादी काढून अर्धा इंच कापावी आणि तारेची कडी नव्या भोकातून पुन्हा अडकवावी, असा विचार आहे. जास्त ताणली तर पायडल जड होईल का?

प्रतिसाद २

होईल. अर्धा इंच एकदम कापू नका. आधी पाव इंच कापून पाहा, आणि दोन चाकांच्या मध्ये वादी बोटाने दाबली असता ती थोडी आत जाईल इतकी सैल ठेवा. चामड्याला तेल लागलेले असेल तर ते कोरड्या कापडाने आधी पुसा, बरेचदा तेवढ्यानेच घसरणे थांबते.