मलेनिया: ढाल धरूनसुद्धा तिची लाइफ भरतेच कशी?

चेंबूर_नाइट
एल्डन रिंग गेम, लेव्हल १२८, व्हिगर (लाइफ वाढवणारा गुण) ३८. उजव्या हातात ब्लीड (रक्तस्राव करणारी) उचिगाताना तलवार, डाव्या हातात ब्रास शील्ड. बॉस मलेनियाचे वार ढालीवर झेलतो, तरी तिची लाइफ भरत जाते. वॉटरफाउल डान्स (तिचा सलग वारांचा हल्ला) आला की खेळ खल्लास. ढाल बदलू का?

भांडुप_पॅरी
ढाल कुठलीही आण, तेच होणार. वार ढालीवर बसला तरी तिला लाइफ मिळते, तो हवेतच वाया गेला पाहिजे. मदतीला बोलावलेल्या मिमिक टिअरचंही तेच: बाहुला फटके खात उभा राहतो आणि बाईसाहेब ताज्यातवान्या!

ढाल काढ, अंगावरच्या सामानाचं वजन क्षमतेच्या ७०%च्या खाली ठेव म्हणजे मीडियम रोल (मध्यम वेगाची कोलांटी) मिळेल. व्हिगर ६० कर, एचपी (लाइफ) १९०० होते. उचिगातानाला मूळचा ब्लीड आहेच, तेव्हा ग्लिंटस्टोन व्हेटब्लेडने (शस्त्राला नवा गुण लावायचं साधन) कोल्ड लाव. फ्रॉस्ट (कोल्डचा परिणाम) बसला की ३० सेकंद तिला २०% जास्त लागतं. फक्त त्यावर आगीचं काही मारू नकोस, फ्रॉस्ट पुसला जातो.

बोरिवली_बोनफायर
वॉटरफाउलचं सांगतो. पहिल्या टप्प्यात तिची लाइफ ७५%च्या खाली गेल्याशिवाय तो येत नाही. तोवर बिनधास्त मार, नंतर एक-दोन वार आणि लगेच मागे.

ती उडी मारून हवेत क्षणभर लटकते, हीच खूण. तिच्यावरचं कॅमेऱ्याचं लॉक काढायचं, पाठ फिरवून पळत सुटायचं. पहिली फेरी हवेत जाते. दुसरी फेरी अंगावर येताना उलट तिच्याच दिशेने, तिच्या खालून रोल. तिसरीलाही तेच. दाराकडे सरकलेला माणूसच दादरला उतरतो, मागे रेटणारा गाडीतच राहतो. इथेही मागे रोल केलास की मेलास.

तिला खेटून असताना सुरू झाला तर पळायला वेळच नसतो. क्विक स्लॉटला फ्रीझिंग पॉट (फेकायचं थंडीचं मडकं) ठेव आणि ती हवेत लटकलेली असतानाच फेक, खाली येते. नाहीतर ब्लडहाउंड्स स्टेप (झटकन सटकायची स्किल).

चेंबूर_नाइट
कोल्ड लावलं, ढाल काढली. पण बटण वेळेवर दाबूनही रोल उशिरा होतो. टीव्हीवर खेळतो.

भांडुप_पॅरी
दोन कारणं. रोल बटण सोडल्यावर होतो, दाबल्यावर नाही, कारण तेच बटण धरून ठेवलं की पळणं. टिचकी मार, दाबून ठेवू नकोस. आणि टीव्हीत गेम मोड चालू कर, तो बंद असेल तर चित्रच मागून येतं.

बोरिवली_बोनफायर
दुसऱ्या टप्प्याचं राहिलं. ती ८०% लाइफवर उठते आणि आल्या आल्या वरून झेपावते, तिथे लाल फूल उमलतं. दूर पळ. फुलात ती थोडा वेळ थांबते, तेव्हा मारायची हाव सुटते, पण त्या धुरात रॉट (लाइफ खात जाणारी सड) चढतो. कडेवरून एक वार, बस्स. रॉट उतरवणारी प्रिझर्व्हिंग बोलस ही गोळी पॉटच्या शेजारच्या स्लॉटला ठेव.