मदत हवी आहे : भजनाच्या साथीसाठी सोप्रानो सॅक्सोफोनला कोणता माउथपीस घ्यावा?

नमस्कार. मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहतो. बावीस वर्षे बँड पथकात क्लॅरिनेट वाजवल्यानंतर गेल्या वर्षी सरळ नळीचा सोप्रानो सॅक्सोफोन घेतला. पेठेतल्या भजनी मंडळाला त्याची साथ करावी, ही मनापासूनची इच्छा आहे. परंतु माउथपीसपाशी, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या भागापाशी, गाडी अडली आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमचे बुवा काळी एकमध्ये, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातात. सोप्रानो बी फ्लॅटचा असल्यामुळे त्याचा सी वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. त्यामुळे काळी एकचा षड्ज मला ई फ्लॅटवर धरावा लागतो आणि मंद्र पंचमाला वाद्याचा अगदी शेवटचा, सर्वांत खालचा स्वर लागतो. तिथपासून तार पंचमापर्यंतची दोन सप्तके सुरेल लागली, तर मला आणखी काही नको.

सध्या माझ्याकडे यामाहाचा ४सी माउथपीस आणि अडीच नंबरची रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) आहे. मध्य सप्तक समाधानकारक वाजते. मात्र तार गंधार ओलांडला की स्वर चढू लागतो आणि पंचमावर ट्यूनरचा काटा पंचवीस सेंट (अर्ध्या स्वराचा चौथा भाग) वर जाऊन थांबतो. पेटीचा स्वर हलत नाही, त्यामुळे हा फरक बुवांना लगेच खटकतो. माउथपीस नळीच्या टोकावरच्या बुचावरून थोडा बाहेर ओढून पाहिला. तार पंचम उतरला, परंतु मध्य सप्तकातले गंधार, मध्यम आणि पंचम बोटांच्या त्याच ठेवणीवर वाजत असल्यामुळे तेही उतरले.

दुसरी अडचण मींडेची, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्याची आहे. क्लॅरिनेटच्या उघड्या भोकांवरून बोट हळूहळू सरकवून मींड घेण्याची हाताला सवय आहे. सॅक्सोफोनच्या भोकांवर गाद्या असल्यामुळे ते काम बरेचसे ओठावर आणि गळ्यावर येते. भीमपलासातला मध्यमावरून कोमल गंधारावर येणारा साधा उतारसुद्धा माझा निम्म्या वाटेवर तुटतो. माउथपीसचे टोक आणि रीड यांमधली फट रुंद असेल तर स्वर अधिक वाकवता येतो, असे एका ज्येष्ठ वादकांनी सांगितले, आणि ते पटतेही. परंतु फट रुंद झाली की रीड मऊ घ्यावी लागते, आणि सोप्रानोचा माउथपीस इतका लहान असतो की जबडा किंचित हलला तरी सूर ढळतो. म्हणजे मींड सुधारताना तार पंचम आणखी बिघडेल, ही भीती आहे.

एका स्नेह्यांचा उंच बॅफलचा (आत रीडसमोर असलेल्या उताराचा) धातूचा माउथपीस आठवडाभर वापरून पाहिला. टाळ-पखवाजातून तो स्वच्छ ऐकू आला. परंतु नाद इतका टोकदार होता की बुवांचा आवाज झाकला जाऊ लागला, आणि मंद्र पंचम फुटून वरच्या सप्तकात उडू लागला. हरिपाठाच्या वेळी तो नाद नकोसा झाला.

आता दोन माउथपीस मनात आहेत, दोन्ही एबोनाइटचे (कडक रबराचे) : चौकोनी चेंबरचा, म्हणजे आतल्या पोकळीचा, सेल्मर एस८० सी स्टार आणि मोठ्या गोल चेंबरचा ओटो लिंक. सॅक्सोफोनची नळी म्हणजे टोक कापलेला शंकू, आणि त्या कापलेल्या टोकाची भरपाई माउथपीसच्या पोकळीने व्हायची असते. पोकळी कमी पडली तर वरचे सप्तक चढते. या हिशेबाने माझा कल मोठ्या चेंबरकडे आहे. परंतु कंपन्यांचे आकडे आणि अक्षरे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे ४सीच्या एकच पायरी पुढची फट कोणत्या क्रमांकाची, हे मला ठरवता येत नाही.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. सोप्रानोचा नुसता माउथपीस फुंकला तर पांढरी एक लागावी, असे शिकवतात. माझी काळी एक लागते. क्लॅरिनेटची घट्ट पकड जबड्यातून अजून गेलेली नाही, हे यावरून उघड आहे. रोज सकाळी दहा मिनिटे फक्त माउथपीस घेऊन तो स्वर खाली आणण्याचा रियाज सुरू केला आहे, आणि तीन आठवड्यांत थोडा फरक पडला आहे.

तेव्हा क्लॅरिनेटवरून सोप्रानोकडे आलेल्यांनी कृपया सांगावे : नुसत्या माउथपीसवर पांढरी एक स्थिर होईपर्यंत ४सीवरच थांबावे, की मोठ्या चेंबरने जबडा सैल व्हायलाही मदत होते? आपण रागसंगीत वाजवत असाल, तर फट आणि रीड यांची आपली जोडी कोणती, तेही लिहावे. इथे हे माउथपीस फुंकून पाहायला मिळाले नाहीत. पुण्यात किंवा मुंबईत विकत घेण्यापूर्वी स्वतःच्या वाद्यावर लावून पाहू देणारे दुकान माहीत असल्यास तेही कळवावे, मी वाद्य घेऊन येईन.