मदत हवी आहे: अपडेटपॅनलमधून जतन करताना ५०० एरर, कधी येते, कधी नाही

खडूफळा (धागाकर्ता)

एएसपी डॉट नेट वेबफॉर्म्स (मायक्रोसॉफ्टची वेब-पानं बनवायची पद्धत), फ्रेमवर्क ४.८, आयआयएस १० (वेब सर्व्हर). गुण भरायचं पान आहे. अपडेटपॅनलमध्ये (पानाचा तेवढाच भाग ताजा करणारा) ग्रिडव्ह्यू (ओळी-रकान्यांचा तक्ता), खाली ‘जतन करा’ बटण. बटण दाबलं की कन्सोलमध्ये हे येतं:

सिस.वेबफॉर्म्स.पेजरिक्वेस्टमॅनेजरसर्व्हरएररएक्सेप्शन: अ‍ॅन अननोन एरर ऑकर्ड व्हाइल प्रोसेसिंग द रिक्वेस्ट ऑन द सर्व्हर. द स्टेटस कोड रिटर्न्ड फ्रॉम द सर्व्हर वॉज: ५००

माझ्या मशीनवर सगळं व्यवस्थित चालतं, सर्व्हरवरच पडतं. तिथेही प्रत्येक वेळी नाही. त्याच वर्गाचे गुण सकाळी जतन होतात आणि दुपारी होत नाहीत. कोड बदललेला नाही. उद्या संध्याकाळपर्यंत गुण भरून हवे आहेत. काय करू?

ओंजळ

स्क्रिप्टमॅनेजरवर (अपडेटपॅनलच्या रिक्वेस्ट सांभाळणारा कंट्रोल) एसिंकपोस्टबॅकटाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मुदत) असतं, ते मुळात ९० सेकंद आहे. ६०० करा. दुपारी सर्व्हरवर लोड जास्त असतो म्हणून दुपारी पडतंय.

अर्धविराम

टाइमआउट झाला असता तर एक्सेप्शनचं नावच वेगळं आलं असतं: पेजरिक्वेस्टमॅनेजरटाइमआउटएक्सेप्शन. इथे ‘सर्व्हरएरर’ आलंय, म्हणजे सर्व्हरने उत्तर दिलंय आणि ते एररचं आहे. ९० चे ६०० करून काहीही बदलणार नाही.

खडूफळा, तीन गोष्टी सांगा:
१. बटण दाबल्यावर एरर किती वेळाने येते?
२. नेटवर्क टॅबमध्ये त्या रिक्वेस्टचं स्टेटस २०० दिसतं की ५००?
३. ग्रिडमध्ये ओळी किती आणि प्रत्येक ओळीत भरायचे रकाने किती?

डेटाबेसकर

सकाळी चालतं आणि दुपारी नाही, म्हणजे लॉकिंग आहे (एक क्वेरी दुसरीला अडवून ठेवते). कोणीतरी दुपारी अहवाल काढत असेल. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_हू२ चालवा आणि बीएलकेबाय रकाना बघा. डेडलॉक असेल तर एरर क्रमांक १२०५ मिळेल.

खडूफळा

एरर लगेच येते, सेकंदभरही लागत नाही. डेटाबेसपर्यंत काही जातच नाही, प्रोफायलर (क्वेरी दाखवणारं साधन) लावून पाहिलं, अपडेट क्वेरी येतच नाही. स्क्रिप्टमॅनेजरच्या एसिंकपोस्टबॅकएरर इव्हेंटमध्ये लॉग लिहिलाय, तो रिकामा आहे. बटणाच्या क्लिकमध्ये ट्राय-कॅच आहे, तिथेही काही नाही. नेटवर्क टॅब आत्ता बघतो.

चौथा_थर

वेबफॉर्म्स सोडा आता. ब्लेझर किंवा रिअ‍ॅक्ट घ्या, मागे वेब एपीआय ठेवा. अपडेटपॅनल २००७ सालचं आहे, त्यावर अजून वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पारिजात

@चौथा_थर, गुण उद्या भरायचे आहेत. पान नव्याने लिहायचं की नाही हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

सह्यकडा

पानाच्या वर एनेबलइव्हेंटव्हॅलिडेशन ‘फॉल्स’ करा. अपडेटपॅनलमधल्या ५०० पैकी बऱ्याच एरर यानेच जातात.

अर्धविराम

कृपया हे करू नका. इव्हेंट व्हॅलिडेशनची एरर ‘इनव्हॅलिड पोस्टबॅक ऑर कॉलबॅक आर्ग्युमेंट’ अशी असते आणि ती पान चालू असताना येते, म्हणून एसिंकपोस्टबॅकएररमध्ये पकडली जाते. इथे तो लॉग रिकामा आहे. शिवाय इव्हेंट व्हॅलिडेशन बंद केलं की ड्रॉपडाउनमध्ये नसलेली किंमतही बाहेरून पाठवता येते. गुणांच्या पानावर हे चालणार नाही.

स्टेटस मी का विचारतोय ते सांगतो. कन्सोलमधलं हे वाक्य दोन वेगळ्या वाटांनी येतं. एक्सेप्शन पान चालू असताना फुटलं तर स्क्रिप्टमॅनेजर ते पकडतो आणि उत्तर २०० स्टेटसनेच पाठवतो. त्या उत्तराच्या आत उभ्या रेघांमध्ये ‘एरर’, ‘५००’ आणि संदेश असतो. कस्टमएरर्स (एररचा तपशील बाहेर न दाखवण्याची सेटिंग) चालू असले की संदेश रिकामा जातो आणि ब्राउझर त्या जागी हे ठरलेलं वाक्य दाखवतो. दुसरी वाट म्हणजे स्क्रिप्टमॅनेजर जागा होण्याआधीच रिक्वेस्ट कोसळते. तेव्हा नेटवर्क टॅबमध्ये खरंखुरं ५०० दिसतं आणि तुमचा कोणताही कॅच तिथवर पोहोचत नाही.

खडूफळा

नेटवर्क टॅबमध्ये ५०० आहे. उत्तरात आयआयएसचं नेहमीचं एरर पान. कारण लिहिलेलं नाही.

अर्धविराम

म्हणजे दुसरी वाट. आता मूळ एक्सेप्शन बघायचे दोन मार्ग आहेत. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशन, सोर्स एएसपी डॉट नेट ४.०, इव्हेंट आयडी १३०९. त्यात पूर्ण स्टॅक ट्रेस असतो. तिथे हक्क नसतील तर स्क्रिप्टमॅनेजरवर एनेबलपार्शलरेंडरिंग ‘फॉल्स’ करा, कस्टमएरर्स ‘रिमोटओन्ली’ ठेवा आणि सर्व्हरवरच ब्राउझर उघडून लोकलहोस्टवरून तेच गुण जतन करा. पूर्ण पोस्टबॅक होईल (अख्खं पान परत पाठवलं जाईल) आणि एररचा तपशील असलेलं पिवळं पान समोर येईल.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

खडूफळा

१३०९ सापडला. बाहेरचं एक्सेप्शन: ‘द यूआरएल-एन्कोडेड फॉर्म डेटा इज नॉट व्हॅलिड’. आतलं: ‘ऑपरेशन इज नॉट व्हॅलिड ड्यू टू द करंट स्टेट ऑफ द ऑब्जेक्ट’. स्टॅकमध्ये सगळ्यात वर थ्रोइफमॅक्सएचटीटीपीकलेक्शनकीजएक्सीडेड.

ओळी १९६ आहेत, अकरावी वाणिज्यच्या सगळ्या तुकड्या एकत्र. ओळीत लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक, श्रेणीचा ड्रॉपडाउन आणि ‘गैरहजर’ चेकबॉक्स. माझ्या मशीनवर चाचणीची ४० मुलं आहेत.

पारिजात

कारण मिळालं. एका फॉर्ममध्ये १००० पेक्षा जास्त नावं (पाठवलेल्या प्रत्येक फील्डचं एक) आली की एएसपी डॉट नेट रिक्वेस्ट वाचायलाच नकार देतं. ही मर्यादा २९ डिसेंबर २०११ च्या एमएस११-१०० सुरक्षा अपडेटने आली. एकच हॅश (नावावरून काढलेला आकडा) येणारी हजारो नावं एका रिक्वेस्टमध्ये पाठवून सर्व्हरचा सीपीयू अडकवून ठेवता येत होता, त्यावरचा तो उपाय.

एक विचारायचं राहिलं: ओळीत विद्यार्थी क्रमांकाचं हिडनफील्डही आहे का?

खडूफळा

हो, आहे. ते दिसत नाही म्हणून मोजलं नव्हतं. वर वर्ग, परीक्षा आणि विषय असे तीन ड्रॉपडाउनही आहेत, पण ते अपडेटपॅनलच्या बाहेर आहेत.

पारिजात

बाहेर असले तरी जातात. अपडेटपॅनल फक्त परत येणारं उत्तर लहान करतो, जाताना अख्खा फॉर्म जातो. आता हिशेब करा.

प्रत्येक ओळीतून नेहमी जाणारे ५: तीन गुण, श्रेणी, हिडनफील्ड. १९६ × ५ = ९८०. वरचे ड्रॉपडाउन ३. एएसपी डॉट नेटची स्वतःची व्ह्यूस्टेट (पानाची स्थिती साठवणारं छुपं फील्ड), व्ह्यूस्टेटजनरेटर, इव्हेंटव्हॅलिडेशन, इव्हेंटटार्गेट, इव्हेंटआर्ग्युमेंट, लास्टफोकस, एसिंकपोस्ट, स्क्रिप्टमॅनेजर आणि दाबलेलं बटण मिळून ९. एकूण ९९२.

टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. टिक केला की एक नाव वाढतं. म्हणजे ८ गैरहजर असतील तर बरोबर १००० होतात आणि जतन होतं. नवव्या गैरहजर मुलाला फॉर्म कोसळतो. सकाळ-दुपारचा फरक इथून येतोय, सर्व्हरच्या लोडमुळे नाही. एकदा ८ आणि एकदा ९ टिक करून बघा.

खडूफळा

तंतोतंत. ८ ला जातं, ९ ला ५००.

सह्यकडा

मग सोपं आहे. वेब.कॉन्फिगमध्ये अ‍ॅपसेटिंग्जखाली एक नोंद करा. की: एएसपीनेट, लगेच कोलन, मग मॅक्सएचटीटीपीकलेक्शनकीज सलग, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि एचटीटीपीमधलं फक्त एच मोठं. व्हॅल्यू ५०००. एका ओळीचं काम.

डेटाबेसकर

आणि ग्रिडचं व्ह्यूस्टेट बंद करा, पान हलकं होईल.

पारिजात

व्ह्यूस्टेट ३०० केबी असलं तरी ते एकच नाव आहे. ते बंद करून आकडा कमी होत नाही, उलट पोस्टबॅकवर ग्रिडच्या ओळी परत उभ्या राहणार नाहीत आणि भरलेले गुण हाती लागणार नाहीत.

@सह्यकडा, नोंद बरोबर आहे, पण ती पूर्ण अ‍ॅप्लिकेशनला लागू होते, लॉगिनच्या पानालाही. जे पान कोणालाही उघडता येतं तिथलं संरक्षण एका ग्रिडसाठी सैल करायचं हे मला पटत नाही.

सह्यकडा

५००० ने सर्व्हर बसत नाही. मर्यादा आली ती अमर्याद नावं येत होती म्हणून. उद्याची मुदत असताना कोडला हात लावणं जास्त धोक्याचं आहे.

अर्धविराम

आकडा अंदाजाने टाकण्यापेक्षा मोजून टाका. सगळे गैरहजर धरले तर १९६ × ६ + १२ = ११८८. १५०० पुरतात. आणि वेब.कॉन्फिग जतन केलं की अ‍ॅप्लिकेशन नव्याने सुरू होतं. सेशन इनप्रॉक (अ‍ॅप्लिकेशनच्याच मेमरीत) असेल तर गुण भरत बसलेले सगळे शिक्षक बाहेर फेकले जातील आणि न जतन केलेलं जाईल. बदल रात्री करा.

ओंजळ

तोपर्यंत ब्राउझरमधल्या एंडरिक्वेस्टमध्ये सेटएररहँडल्ड ‘ट्रू’ केलं तर निदान एरर तरी दिसणार नाही.

पारिजात

एरर दिसली नाही की शिक्षकांना वाटेल जतन झालं. गुण मात्र कुठेच नसतील. हे अजिबात नको.

कॉन्फिगला हात न लावता करायचं तर हिडनफील्ड काढा. ग्रिडव्ह्यूला डेटाकीनेम्समध्ये विद्यार्थी क्रमांकाचा रकाना द्या. तो कंट्रोल स्टेटमध्ये, म्हणजे व्ह्यूस्टेटच्याच फील्डमधून जातो, वेगळं नाव लागत नाही. एका फटक्यात १९६ नावं कमी. मग सगळे गैरहजर असले तरी १९६ × ५ + १२ = ९९२. १९७ ओळींपर्यंत कधीच पडणार नाही, १९८ ला किमान १९७ गैरहजर असतील तरच आकडा १००० ओलांडेल. पुढे ५० ओळींचं पेजिंग करा, पान बदलण्याआधी आधीचं जतन करून घ्या.

चौथा_थर

फॉर्मऐवजी जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) पाठवला असता तर ही मर्यादा लागलीच नसती.

अर्धविराम

जुन्या पेजमेथडने (पानातलीच सर्व्हरवरची मेथड) पाठवला तर तिथेही आहे. त्याच अपडेटने मॅक्सजेसनडिसीरियलायझरमेंबर्स आली, तीही १०००. ती एका ऑब्जेक्टमधल्या सदस्यांवर आहे, म्हणून ओळींचा अ‍ॅरे पाठवायचा, सगळं एका ऑब्जेक्टमध्ये कोंबायचं नाही. मॅक्सजेसनलेंग्थचे १०२४०० वर्ण वेगळे सांभाळायचे.

नेटका

पीएचपीवाल्यांसाठी नोंद: ५.३.९ पासून मॅक्स_इनपुट_व्हार्स तिथेही १०००. पण ५०० येत नाही, फक्त वॉर्निंग येते आणि पुढची नावं गळतात. वर्गातल्या शेवटच्या मुलांचे गुण कोरे राहतात आणि पान ‘जतन झाले’ म्हणतं. लॉग बघितल्याशिवाय कळत नाही.

खडूफळा

हिडनफील्ड काढून डेटाकीनेम्स लावलं. ११ गैरहजर असताना नेटवर्क टॅबच्या फॉर्म डेटात ८०७ नावं मोजली, जतन झालं. कॉन्फिग तसंच ठेवलंय. पेजिंग परीक्षा झाल्यावर करेन. तेव्हा क्रमांक वाचताना रोइंडेक्स वापरायचा की डेटाआयटमइंडेक्स?

पारिजात

रोइंडेक्स. डेटाकीजमध्ये फक्त समोरच्या पानाच्या किल्ल्या असतात, मोजणी शून्यापासून. डेटाआयटमइंडेक्स पूर्ण यादीत मोजतो, तो दिला तर दुसऱ्या पानापासून इंडेक्स हद्दीबाहेर जाईल.