मदत हवी आहे: 'डेथ'च्या 'ह्यूमन' अल्बमचे कोणते ध्वनिमिश्रण प्रमाण मानावे?

अमेरिकेतील 'डेथ' या डेथ मेटल (हेवी मेटलचा अधिक आक्रमक प्रकार) बँडचा १९९१ सालचा 'ह्यूमन' हा अल्बम मी सध्या लक्षपूर्वक ऐकत असून त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. चक शुल्डिनरची गिटार आणि शॉन रायनर्टचे ड्रम यांबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. डबल बास ड्रमचा (दोन्ही पायांनी वाजवल्या जाणाऱ्या ड्रमचा) मारा अखंड चालू असतानाही झांजांवरचे बारीक काम सुटे आणि स्वच्छ ऐकू येते, हीच माझ्या मते या अल्बमची खरी मातब्बरी आहे. (आवाजाच्या कर्कशपणाची तक्रार करणाऱ्यांनी निदान एकदा तरी केवळ ड्रमकडे कान लावून पाहावे.)

माझी अडचण बास गिटारची आहे. स्टीव्ह डिजॉर्जिओसारखा वादक असूनही मूळ मिश्रणात (म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना) त्याचे वादन दोन गिटारींखाली जवळजवळ गाडले गेले आहे; गायनाविना असलेल्या एकमेव रचनेत तेवढा बास मोकळेपणाने समोर येतो. २०११ साली नव्याने मिश्रण करून काढलेल्या आवृत्तीत तो स्पष्ट ऐकू येतो खरा, परंतु मूळ ध्वनीतला कोरडा, आवळलेला ताण त्यात थोडा सैलावल्यासारखा वाटतो.

तेव्हा, हा अल्बम पहिल्यांदाच ऐकणाऱ्या व्यक्तीला आपण कोणती आवृत्ती सुचवाल आणि का? तसेच 'डेथ'च्याच १९९३ सालच्या 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स'मध्ये डिजॉर्जिओचा फ्रेटलेस बास (मानेवर धातूच्या पट्ट्या नसलेली बास गिटार) ठळकपणे ऐकू येतो; त्या धर्तीचे इतर बँडचे अल्बम कोणते, हेही कृपया सांगावे.