स्प्लेंडरची सर्व्हिसिंग घरीच करावी म्हणतोय, कुठपर्यंत हात घालू?

घाटवाट
नमस्कार मंडळी. गाडी स्प्लेंडर प्लस, २०१८ ची, म्हणजे बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा जुना नियम), कार्ब्युरेटरवाली. वॉरंटी कधीच संपली. रोज कोल्हापूरहून गगनबावड्याच्या वाटेवरच्या शाळेत जाणं-येणं. तिकडचा पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको.

गेल्या खेपेला सर्व्हिसिंगला टाकताना मागच्या ॲक्सलच्या नटावर मार्करने रेघ मारून ठेवली होती, अर्धी नटावर, अर्धी वॉशरवर. बिलात ‘ब्रेक क्लीनिंग’ आणि ‘चेन ॲडजस्टमेंट’ दोन्ही लावलेलं. घरी येऊन बघतो तर रेघ सरळच्या सरळ. नट हललाच नाही तर चाक कधी काढलं आणि चेन कशी ताणली? चेन कव्हरचं रबरी बूच काढून बोट घातलं, चेन होती तशीच सैल.

भांडत बसलो नाही. पण आता ऑइल, चेन, ब्रेक, प्लग एवढं घरी करावं म्हणतो. पाने कुठले घेऊ? आणि मेव्हण्याकडे कारचं भारीतलं ऑइल उरलंय, ते चालेल का?

लेथवाला_शिरोली
सर, रेघेची आयडिया नाद खुळा! आमच्या शॉपवर सगळ्यांना वाचून दाखवली.

कारचं ऑइल अजिबात नको. आपल्या गाडीत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायची रसायनं असतात, मग क्लच घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघा, ग्रेड १०डब्ल्यू-३०. ९०० मिलीचा पॅक मिळतो.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. मी टर्नर, गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण लोकांनी बिघडवलेलं शेवटी लेथवर येतं, आणि त्यात सगळ्यात जास्त काय येत असेल तर ड्रेन बोल्टचे, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या बोल्टचे, गेलेले आटे. बोल्ट पोलादी, क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) ॲल्युमिनियमचं. ऑइल गळायला नको म्हणून माणूस पान्याला पाइप लावून आवळतो. त्या दिवशी काही होत नाही. पुढच्या वेळी बोल्ट काढताना केसमधले आटे स्प्रिंगसारखे बोल्टाला गुंडाळून बाहेर येतात. मग भोक मोठं करा, टॅप मारून नवे आटे पाडा, हेलिकॉइल (आट्यांची तारेची स्प्रिंग) बसवा. घरी करणारेच असं करतात असंही नाही. हवेच्या गनने ‘टर्रर्र’ करणारेही तितकेच.

म्हणून सर, आधी हात बसवा. या मापाच्या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतं, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधला धरा. वीतभर लांब पान्याच्या टोकाला बारा-तेरा किलोचा जोर म्हणजे २५ न्यूटन-मीटर. तेरा किलो किती ते कळत नसेल तर सामानाच्या वजनाचा आकडेवाला काटा पान्याच्या टोकाला अडकवून ओढून बघा. बहुतेक जण म्हणतात, ‘एवढंच?’ हो, एवढंच! गळती थांबवतो तो वॉशर, तुमचा दंड नव्हे. वॉशर दर वेळी नवा घाला. बोल्ट लावताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवा. अडला की मागे घ्या, पाना लावून रेटू नका.

ऑइल काढायच्या आधी इंजिन थोडं गरम करा, चटका बसेल इतकं नको. मोजताना गाडी मेन स्टँडवर. नवं ऑइल घातल्यावर दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करून तेवढंच थांबा, मग डिपस्टिक पुसून नुसती टेकवा. आटे फिरवून आत घातली की पातळी जास्त दिसते.

पाने: १७ चा रिंग पाना, बाकी ८ ते १४ रिंग-फिक्स, ॲक्सलच्या नटाच्या मापाचा एक, प्लग पाना. तापारियाचे घ्या. स्क्रू पाना या कामात आणूच नका, बोल्टाचे कोपरे गोल होतात.

चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. आणि चाक मागे सरकलं की मागचा ब्रेकही कडक होतो. ब्रेकच्या रॉडचा नट सैल करून पेडलचा प्ले (ब्रेक लागायच्या आधीची मोकळी हालचाल) परत लावा. हे विसरलात तर ब्रेक घासत राहतो आणि घाटात ब्रेकचा ड्रम तापतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये आणि हातात फडकं, असं चेन पुसताना लोकांची बोटं गेलीत. चाक हातानेच फिरवा.

सातबाराचा_उतारा
मी डीलरकडे सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. सरांची गाडी वॉरंटीबाहेर आहे, खुशाल करा. पण बाकी वाचणाऱ्यांनी वॉरंटीत असताना हे करू नये. सर्व्हिस बुकात शिक्के नसले की इंजिनचा क्लेम अडकतो. आणि हो, चाक न काढता ‘ब्रेक क्लीनिंग’ लावणारे आहेत आमच्यात. गाड्या जास्त, पोरं कमी, संध्याकाळी सातच्या आत डिलिव्हरी. पुढच्या वेळी रेघ ॲडव्हायझरच्या समोर मारा.

पुणे३०
२०२० नंतरच्या बीएस-६ वाल्यांसाठी: आपल्याकडे फ्युएल इंजेक्शन आहे. कार्ब्युरेटरसारखा स्क्रू फिरवून आयडलिंग लावायला जाऊ नका. डॅशवर इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनरच लागतो. ऑइल-चेन मात्र तेच.

घाटवाट
सगळ्यांचे आभार. लेथवाले, काट्याने खरंच ओढून बघितलं, मी दुप्पट जोर लावत होतो! दोन शंका: जुनं ऑइल सेंटरिंगवाला मागतोय, देऊ का? आणि या इंजिनला फिल्टर नसतो म्हणतात, खरं का?

लेथवाला_शिरोली
सेंटरिंगच्या प्लेटांना लावतात खरं, पण शेवटी ते मातीतच जातं. कॅनमध्ये भरून गॅरेजच्या ड्रममध्ये ओता, तिथून ते शुद्धीकरणाला जाऊ शकतं.

कागदी फिल्टर नसतो. जाळी असते, आणि क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर, त्यात गाळ कडेला चिकटतो. त्यासाठी उजवं कव्हर उघडावं लागतं, गॅस्केट नवं लागतं. पहिल्याच खेपेला तिकडे जाऊ नका, ओळखीच्या मेकॅनिकसमोर एकदा बघा.

ब्रेकचा ड्रम उघडाल तेव्हा आतल्या धुळीला फुंकर मारू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.